किटलीची पाटी : शाळेतल्या भांडी-कोपऱ्याच्या नोंदी

आमची जिल्हा परिषदेची शाळा मूर्तिजापूर तालुक्यात. शाळेतली एक खोली रिकामीच पडून असते. तिथे गावातल्या जुन्या भांड्यांचा कोपरा करायचा, प्रत्येक भांड्यापुढे त्याच्या नावाची पाटी लावायची आणि २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, तो उघडायचा असं ठरलं. दुसऱ्या कुठल्या शाळेला हे करायचं असेल तर हाताशी असाव्यात म्हणून या नोंदी ठेवतेय. सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा एका किटलीने खाल्ला, त्यामुळे तिच्याबद्दल जास्त येईल.

८ जानेवारी

वर्गात सांगितलं, घरातलं जुनं भांडं आणा. आज आलेला माल: स्टीलचे डबे, झाकण नसलेला कुकर, प्लास्टिकचा जग. पितळेचं काहीच नाही. घरोघर माळ्यावर पितळ आहे हे मला माहीत आहे, पण ते पोराच्या हाती कोण देईल? मोडीत पितळेला चांगला भाव येतो, आणि शाळेत गेलेली वस्तू परत येते यावर कोणाचा फारसा विश्वास नाही.

उपाय म्हणून एक जाड वही केली. भांडं, कोणाच्या घरचं, त्यावरची खूण, आणि वजन. वजनाचा रकाना महत्त्वाचा. किराणा दुकानातून काटा मागून आणला. देणाऱ्यासमोर वजन करायचं, वहीत लिहायचं, त्यांची सही घ्यायची आणि तोच आकडा चिठ्ठीवर लिहून त्यांच्या हातात द्यायचा. ज्यांना असा कोपरा करायचा आहे त्यांनी सुरुवात इथूनच करावी. कपाटं, रंग, पाट्या हे सगळं नंतर.

१७ जानेवारी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाने काम केलं. या दिवसांत एकेका घरात पंधरा-वीस बायका जमतात आणि वाण म्हणून हमखास एखादं भांडं हातात पडतं, त्यामुळे भांड्यांचा विषय मुद्दाम काढावा लागत नाही. मी वही घेऊनच गेले. एकीने माळ्यावरची पाण्याची गुंडी उतरवली, की दुसरी म्हणाली, आमच्याकडे याहून मोठी आहे.

आतापर्यंत आलेलं: गुंडी, गडवा, दोन गंज, घंगाळ, चरवी, परातीसारखं कोपर, सराटा, आणि दोन किटल्या. एक पितळेची, पोटाला गोल, तोटीवाली, वर कडीची मूठ. दुसरी जर्मनची, उभट, झाकणाची, दूध आणायची. तिलाही वर कडी, पण तोटी नाही.

बऱ्याच भांड्यांवर नावं टाकलेली आहेत. टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं, लग्नात कोणी दिलं त्याचं नाव, कधी साल. राखेने घासून घासून टिंबं भरलीत. बोटाने वाचता येत नाहीत. त्यावर ओला खडू फिरवून वरून पुसला, की टिंबांत पांढरं राहतं आणि अक्षर उठून दिसतं. फोटो घ्यायचा तो तेव्हाच. पितळी किटलीच्या बुडाजवळ फक्त दोन अक्षरं निघाली, तीही घरच्यांना ओळखता आली नाहीत.

१९ जानेवारी

पाट्यांचा पहिला खर्डा मुलांनी केला. मोबाइलवर बघून केला, त्यामुळे गंजाची पाटी "पातेले", गडव्याची "तांब्या", सराट्याची "उलथणे". गावातली बाई आपलंच भांडं बघायला येणार आणि पाटीवर दुसऱ्याच गावचं नाव वाचणार!

बदल असा केला: वर मोठ्या अक्षरात घरी म्हणतात ते नाव. खाली लहान अक्षरात इतर ठिकाणची नावं. गंजाच्या पाटीवर मात्र "हे भांडे आहे, लोखंडावर चढतो तो गंज वेगळा" अशी ओळ टाकावी लागली, कारण केंद्रप्रमुख साहेब बाहेरगावचे आहेत आणि स्वच्छ घासलेल्या भांड्याखाली "गंज" वाचून त्यांनी मुलांना पुन्हा घासायला सांगितलं असतं.

जर्मनच्या किटलीवर एका मुलाने "जर्मनीहून आलेली" असं लिहिलं होतं. ती ॲल्युमिनियमची. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं म्हणतात एवढंच. जर्मन सिल्व्हर म्हणून जे मिळतं ते तर तिसरंच. त्यात तांबं, जस्त आणि निकेल असतं. चांदीही नसते आणि ॲल्युमिनियमही नसतं. ओळख पटवायला मुलांच्या एका हातात पितळी किटली दिली, दुसऱ्यात जर्मनची. पितळेची घनता ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जास्त आहे. हे फळ्यावर न लिहिता कळलं.

२२ जानेवारी

किटलीवरून भांडण. सातवीच्या मुलांचं म्हणणं, तोटी असते ती किटली. दुसरी आहे ती दुधाची कॅन, तिची पाटी बदला. "मॅडम, केटल टाकून पाहा ना, सगळ्या फोटोत तोटीच दिसते."

ज्यांनी जर्मनची दिली त्या आजी शाळेजवळच राहतात. त्यांना बोलावलं. त्यांनी पितळीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे चायदानी व्हय. किटली म्हंजे दुधाची. मी रोज संध्याकाळी किटली घेऊन वाड्यावर जाओ. तोटी असली तं दूध सांडन नाही का वं माय?"

दोघांचंही बरोबर वाटतं. गावात आज दोन्ही भांड्यांना किटली म्हणतात. मग शब्दाचा अर्थ नेमका काय? तोटी, झाकण, कडी, की उकळणं? ठरवलं, की किटलीची पाटी सगळ्यात शेवटी लिहायची. तोवर भांडं तर साफ करू.

२५ जानेवारी

पितळी किटली बाहेरून चिंच आणि राखेने निघाली. आतला प्रश्न वेगळा होता. बुडाला पांढरट, खडबडीत थर, नखाएवढा जाड. आमच्याकडचं विहिरीचं पाणी जड. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा, म्हणजे खाऱ्या पाण्याचा भाग, इथून लांब नाही. वर्षानुवर्षं असं पाणी उकळलं की त्यातला चुना बुडाला बसत जातो.

मुलांनी आधी पेचकसाने खरवडलं. थर तसाच राहिला, खाली पितळेवर ओरखडे उठले. ते ताबडतोब थांबवलं. मग घरचं व्हिनेगर ओतून रात्रभर ठेवलं, सकाळी वरचा पापुद्रा तेवढा सुटला. शेवटी किराण्यातून लिंबूसत्व आणलं, ४० रुपयांचं. लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे टाकून ओतलं आणि लगेच आत फसफस सुरू झाली. चुन्यातला कार्बन डायऑक्साइड निघतो तो हा. फसफस थांबली की पाणी बदलायचं. दुपारपर्यंत बूड दिसलं.

पण ते दिसलं पिवळं. म्हणजे आतली कल्हई केव्हाच उडाली होती आणि इतके दिवस तो चुन्याचाच थर तिच्या जागी होता. नुसतं मांडून ठेवायचं असतं तर इथेच थांबता आलं असतं. पण उद्घाटनाला याच किटलीतून चहा द्यायचा हट्ट मुलांचा, आणि घरच्यांचंही म्हणणं, नीट झाली तर आम्ही वापरू. कल्हईशिवाय पितळेत आंबट ठेवलं की ते कळकतं, तांब्याचे क्षार उतरतात. ताकाचं हे सगळ्यांना माहीत असतं, चहात लिंबू पिळणाऱ्यांना नसतं. त्यामुळे कल्हई करायचीच.

३१ जानेवारी

पूर्वी कल्हईवाले सायकलवर भाता बांधून गावात यायचे, झाडाखाली खड्डा करून भट्टी लावायचे. आता येत नाहीत. विचारत विचारत तालुक्याच्या गावी एक चाचा सापडले. त्यांनी किटली उलटी केली, तोटीच्या मुळाशी नखाने दाबलं, आणि करड्या रंगाची एक रेघ निघाली.

"मॅडम, हे झाळ कच्ची हाये. कोणीतरी शिशाची मारली. आग दाखवली का तोटी हातात येईन."

झाळ म्हणजे सांधा जोडायला वितळवून लावलेला धातू. कारण साधं आहे. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, आणि कथील वितळतं २३२ अंशांना. भांडं त्याहून जास्त तापवावंच लागतं. शिसं-कथलाची मऊ झाळ १८३ अंशांनाच पाघळायला लागते. शिवाय ज्यातून चहा ओतायचा त्या तोटीच्या तोंडाशी शिसं असणंच वाईट.

तरी एकदा करून बघू म्हटलं. चाचांनी सांध्यावर ओली माती थापली, वर ओलं फडकं गुंडाळलं. भाता मारला, भांडं तापलं, आत नवसागराची पूड टाकली, पांढरा धूर निघाला, आणि कथील लावायच्या आधीच तोटी एका बाजूला कलली. फडक्यातलं पाणी आटलं की संपलं सगळं. चाचांनी कल्हईचे पैसे घेतले नाहीत, कोळशाचे १०० घेतले. त्यात त्यांची चूक काहीच नव्हती, त्यांनी आधीच सांगितलं होतं.

जुन्या भांड्याला कल्हई करायची असेल तर आधी सगळे सांधे बघा. करडी, मऊ, नखाने ओरखडा उठणारी रेघ दिसली तर कल्हईवाल्याकडे नंतर जा.

५ फेब्रुवारी

वेल्डिंगच्या दुकानात नेली. पितळी सळई वितळवून सांधा जोडून देतो म्हणाले, त्याला ब्रेझिंग म्हणतात. नको म्हटलं, कारण सळई आणि किटलीचा पत्रा दोन्ही पितळच, दोघांचं वितळणं जवळजवळ सारख्याच तापमानाला. पत्रा इतका पातळ, की सांधा जमेपर्यंत पोटाला भोक पडायचं.

शेवटी चांदीचं काम करणाऱ्या एका कारागिराने घेतली. चांदीची झाळ साधारण साडेसहाशे-सातशे अंशांना वाहते. म्हणजे पितळ वितळण्याच्या बऱ्यापैकी खाली आणि कल्हईच्या खूप वर, आपल्याला हवी तशी मधली. त्याने आधी शिशाची जुनी झाळ तापवून, पुसून, कानशीने घासून अगदी पिवळं पितळ दिसेपर्यंत काढली. यातच त्याचा बराच वेळ गेला. शिसं राहिलं तर वरची झाळ धरतच नाही, ठिसूळ होते. मग टाकणखार लावून झाळ दिली. ६५० रुपये.

एक गोष्ट आवर्जून विचारा. चांदीच्या काही झाळींत कॅडमियम हा विषारी धातू असतो. खाण्यापिण्याच्या भांड्याला ती चालत नाही. बिनकॅडमियमचीच मागा.

८ फेब्रुवारी

पुन्हा चाचा. या वेळी तोटी हलली नाही. आतून वाळूने घासणं, तापवणं, नवसागर, कथलाची कांडी टेकवली की चकचकीत थेंब पळतो, आणि कापसाच्या बोळ्याने तो सगळ्या पोटभर फिरवायचा. हे मी डोळा न लवता बघत होते, तरी पिवळ्याचं पांढरं नेमकं कधी झालं ते निसटलंच. तोटीच्या आत बोळा जात नाही. त्यांनी वितळलेलं थोडं कथील पोटात घेऊन किटली कलती केली, ते तोटीतून बाहेर आलं, आणि लगेच भांडं पाण्यात बुडवलं. ३०० रुपये.

जाताना म्हणाले, रिकामी कधीच चुलीवर ठेवू नका. पाणी आहे तोवर आतलं बूड शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पाणी आटलं की कल्हई पाघळून गोळा होते.

नवसागराच्या धुराने घसा धरला. मुलांना नेणार असाल तर धूर जातो त्याच्या उलट बाजूला उभं करा.

१२ फेब्रुवारी

आता पाटी. तालुक्याच्या वाचनालयात शब्दकोश घेऊन बसले.

गावातल्या एका निवृत्त गुरुजींचं ठाम मत होतं, की किटली संस्कृत "कटाह"वरून आली. कटाहवरून आली ती कढई. किटली सरळ इंग्रजी केटलवरून. आपण शेवटी ई जोडली आणि तिला वाटी, थाळीच्या पंगतीत स्त्रीलिंगी करून बसवलं. हिंदीत तीच केतली झाली. गुरुजींना हे पटवताना दोन वेळा चहा झाला, आणि एवढं करून त्यांचं म्हणणं, "कढई परदेशी नाही ना, मग झालं."

केटलच्या मागे गेलं की गंमत वाढते. जुन्या इंग्रजीत हा शब्द होता, पण त्याचा उच्चार "च"ने व्हायचा, चेतेलसारखा. उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांचा शब्द होता केटिल. इंग्रजीत शेवटी टिकला तो त्यांचा "क". जर्मन भाषेतला केसेल, डच केटेल, ही सगळी एकाच घरातली भावंडं. रशियन कोत्योलसुद्धा याच घराण्यातल्या, म्हणजे जर्मॅनिक भाषांकडूनच उचललेला. या सगळ्यांचं मूळ बहुधा लॅटिन "कॅटिलस"मध्ये आहे, असं कोशकार मानतात. कॅटिलस म्हणजे लहान कॅटिनस. आणि कॅटिनस म्हणजे खोलगट वाडगा.

वाडगा. तोटी नाही!

पुढे कित्येक शतकं केटल म्हणजे चुलीवर टांगायचा किंवा ठेवायचा हंडा होता. त्यात मांस शिजायचं, मासे शिजायचे. अर्धगोल नगाऱ्याला इंग्रजीत केटलड्रम म्हणतात तो याच आकारामुळे. चहा इंग्लंडात पोचला सतराव्या शतकात. चहाचं पाणी उकळायची वेगळी, तोटीची केटल त्यानंतर रुळली, आणि हळूहळू नुसतं केटल म्हटलं की तीच डोळ्यापुढे यायला लागली. म्हणजे तोटी हा या शब्दाचा फार अलीकडचा अवयव. आजींची तोटी नसलेली किटली मूळ अर्थाच्या जास्त जवळ निघाली.

मुलांना सांगितलं तेव्हा त्यांना ते आवडलं नाही. एकाने बरोबर मुद्दा काढला: "पण मॅडम, दुधाची किटली चुलीवर कोठी ठेवतात?"

१३ फेब्रुवारी

त्या प्रश्नाने अडवलं. उत्तर बसस्टँडवर मिळालं.

फाट्यावरच्या टपरीवर चहा उकळतो गंजात. साखर, पत्ती, दूध, अद्रक, सगळं त्यात. उकळला की फडक्यातून गाळून किटलीत. मग पोरगा एका हातात किटली, दुसऱ्या हातात ग्लासांची जाळी घेऊन मंडीत, कृषी केंद्रात, पंचायतीत फिरतो. टपरीवाल्या भाऊंना विचारलं, किटलीत उकळत का नाही? म्हणाले, "त्यात कायले उकळाचं? पत्ती तोटीत फसते. किटली न्याले राहते."

न्यायला. इंग्रजांची केटल पाणी तापवते, आपली किटली चहा वाहून नेते. आणि हेच काम दुधाची किटली करते: कडीने उचलायचं, झाकण लावायचं, न सांडता दुसऱ्या दारी पोचवायचं. दोन्ही भांड्यांत सामायिक काय, तर पोट, झाकण आणि कडी. नाव एकाचं दुसऱ्याला गेलं ते या कामामुळे, असं मला वाटतं. मुलांनाही हे पटलं, कारण यात त्यांचीही किटली राहते आणि आजींचीही.

चहा आपल्या खेड्यात मुरला तोही काही फार जुना नाही. १९०३ साली सरकारने निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसवला आणि तो पैसा चहाच्या प्रचाराला लावला. आधी बाहेरदेशी, मग देशातही, रेल्वे स्टेशनांपासून गिरण्यांपर्यंत. आपल्या वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला तेही १९०३ सालचंच. पाटीवर यातलं काही मावणार नाही, पण इतिहासाच्या तासाला उपयोगी पडलं.

१६ फेब्रुवारी

पाटीचा खर्डा एक पानभर झाला. मुलांना वाचायला लावला, तिसऱ्या ओळीत जांभया. नॉर्स काढलं, रशिया काढला, १९०३ काढलं. उरलेला मजकूर हा:

"किटली. चहाची आणि दुधाचीही. इंग्रजी केटलवरून. केटलचे मूळ बहुधा लॅटिन कॅटिलस, अर्थ लहान वाडगा. पहिल्या केटलला तोटी नव्हती. आपल्या गावात किटलीत चहा उकळत नाहीत, नेतात. काही घरी तोटीवालीला चायदानी म्हणतात."

शेवटची ओळ आजींनी वाचून घेतली आणि "काही घरी" खोडायला सांगितलं. ते तसंच ठेवलंय.

दुसरी एक पाटी सहजच जमली. चाचांकडून उरलेला कथलाचा तुकडा आणला होता, तो किटलीशेजारी ठेवला. कथील हा शब्द संस्कृत कस्तीरवरून, आणि कस्तीरचं नातं ग्रीक कसितेरोसशी. कल्हई आली अरबीतून. म्हणजे पितळेच्या पोटातल्या त्या पातळ पांढऱ्या थराला दोन नावं आणि दोन वेगळे रस्ते. मुलांना किटलीपेक्षा हीच पाटी जास्त आवडली, कारण तुकडा हातात धरून वाकवता येतो आणि वाकवताना करकर वाजतो.

२० फेब्रुवारी

पाट्या लॅमिनेट करून आणल्या. खिडकीसमोर ठेवल्या तर नुसता उजेड चमकतो, अक्षर दिसत नाही. जाड पुठ्ठ्यावर हाताने लिहून पुन्हा केल्या. डिंकाने कपाटाला चिकटवल्या त्या दोन दिवसांत सुटल्या. सुतळीने भांड्याच्या कडीला बांधल्या त्या राहिल्या.

मोठा घोळ पितळेचा. चिंचेने चकचकीत केलेल्या गुंडीवर आणि कोपरावर गुलाबी डाग आले. चिंच लावून भांडी उन्हात ठेवली आणि मधल्या सुट्टीत सगळे विसरले. आंबटाने वरचं जस्त खाल्लं जातं आणि तांबं उघडं पडतं, तोच तो गुलाबी रंग. पुन्हा बारीक राखेने घासलं, सोड्याच्या पाण्याने धुतलं, लगेच कोरडं केलं, वरून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. डाग फिके झाले, पूर्ण गेले नाहीत. गुंडी ज्यांची, त्यांना जाऊन दाखवलं. "रोज वापरली का जाते ते," एवढंच म्हणाल्या.

चिंच लावायची ती एका वेळी एकाच भांड्याला, आणि ते धुऊन पुसून होईपर्यंत दुसरं हातात घ्यायचं नाही.

२७ फेब्रुवारी

उघडला. चहा टपरीवाल्या भाऊंनी गंजात केला, आमच्या पितळी किटलीत गाळला. वाटायला सातवीची पोरं. पितळेची कडी इतकी तापली की पहिल्या रांगेतच किटली खाली ठेवावी लागली. आजच्या किटल्यांना कडीवर लाकूड किंवा प्लास्टिक का असतं ते कळलं. पंचा गुंडाळून काम भागवलं. तेवढ्यात पाहुण्यांसोबत आलेला एक जण पोरांवर खेकसायला लागला, इकडे आधी द्या, तिकडे आधी द्या. मागून कोणीतरी म्हणालंच, "चहापेक्षा किटली गरम." त्या दिवशी ते दोन्ही अर्थांनी खरं होतं.

तोटीचा सांधा कोरडा राहिला. एक थेंब गळला नाही. चहा कळकला नाही.

आजींनी पाटी मोठ्याने वाचली. "लॅटिन म्हंजे कोनतं गाव?" असं विचारलं. सातवीतल्या एकीने नकाशावर रोम दाखवलं. आजी म्हणाल्या, "मंग तेथच्या बायाबी वाड्यावर जातच असतीन."

४ मार्च

एका किटलीचा खर्च: लिंबूसत्व ४०, वाया गेलेल्या भट्टीचा कोळसा १००, चांदीची झाळ ६५०, कल्हई ३००. एकूण १,०९० रुपये, एसटीचं भाडं वेगळं. नवी जर्मनची किटली याच्या निम्म्यातही मिळेल, हे तीन जणांनी मला ऐकवलं. बाकी सगळ्या भांड्यांना मिळून एवढा खर्च आला नाही. पहिल्याच दिवशी सांधा बघितला असता तर कोळसा आणि एक आठवडा वाचला असता.

पितळी किटली तिच्या घरी परत गेली. मुलीच्या लग्नात पाहुण्यांना चहा त्यातूनच द्यायचाय म्हणाले. वहीतलं वजन आणि काट्यावरचं वजन जुळवलं. थोडं वाढलंच होतं, झाळेची चांदी आणि कल्हईचं कथील. वाढलेलं वहीत लिहून घ्या म्हणून त्यांनीच सांगितलं.

कोपऱ्यात आता जर्मनची एकटी आहे. पाटी तीच, तिच्या कडीला बांधली. पाटीतली एकही ओळ बदलावी लागली नाही. काल एका पोराने घरून खलबत्ता आणलाय, बत्ता आहे, खल सापडत नाही.